श्रेष्ठत्वाचा वाद

मनुष्य ज्या साधनाने रोजचे काम करतो, त्या साधनाविषयी तो फार काळ उदासीन राहू शकत नाही. बोरू जाऊन टाक आला तेव्हा बोरूचे अभिमानी आणि टाकाचे अभिमानी असे दोन पक्ष झालेच असतील. आज तसेच पक्ष संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमविषयी, म्हणजे यंत्राचा सारा अंतर्गत कारभार पाहणाऱ्या मूळ कार्यप्रणालीविषयी, पडलेले आढळतात. विंडोज श्रेष्ठ, मॅक श्रेष्ठ की लिनक्स श्रेष्ठ? एरवी वेतन आयोगावरही संयमाने बोलणारी माणसे या प्रश्नावर हातघाईस येतात. इतका आवेश केवळ यंत्रासाठी खर्ची पडत असेल हे संभवत नाही. त्याच्या मुळाशी काय आहे याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य कळावे म्हणून केली जाते तो वाद, जय मिळावा म्हणून केली जाते तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ही वितंडा. कार्यप्रणालींविषयी जे बोलणे कानी पडते त्यातील पुष्कळसे दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकारात मोडते. बोलणारा बहुधा हाती प्रथम जी प्रणाली आली तिचा कैवार घेत असतो. सवय जुनी झाली की तिला आपण सिद्धान्ताचे नाव देतो, आणि तिच्यावरील टीका ही आपल्या बुद्धीवरील टीका समजतो.

तथापि पहिल्या प्रकारात गणावे असेही एक उदाहरण या क्षेत्राच्या इतिहासात आहे. ॲमस्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स नावाची एक छोटी प्रणाली रचली होती. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स प्रसिद्ध केले. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापकांनी जाहीरपणे लिहिले की, लिनक्सची रचना कालबाह्य आहे. प्रणालीचा गाभा लहान असावा आणि बाकीची कामे वेगवेगळ्या भागांकडे सोपवावीत, म्हणजे एक भाग बिघडला तरी सर्व कारभार कोसळणार नाही, असा त्यांचा पक्ष होता. बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिखट उत्तर दिले, आणि नंतर त्या तिखटपणाबद्दल क्षमाही मागितली. तत्त्वतः गाभा लहान असणे चांगले हे त्याने मान्य केले. मात्र आज प्रत्यक्ष चालणारी आणि कोणासही घेता येणारी प्रणाली आपण दिली आहे, हे त्याचे म्हणणे होते.

यात जिंकले कोण? नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान गणल्या गेलेल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे, आणि कोट्यवधी अँड्रॉइड फोनांचा गाभाही लिनक्सचाच आहे. विद्यार्थी जिंकला असे म्हणावे, तर त्याच २०१७ साली असे उघड झाले की, इंटेलच्या असंख्य यंत्रांच्या पोटात एक लहानसा गुप्त कारभारी म्हणून मिनिक्सच काम करीत आहे. शिवाय १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष सुधारणेमुळे जगभर विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे एकदम बंद पडली. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. गाभ्यात शिरलेल्या एका बिघडलेल्या भागाने सर्व कारभार कोसळविला. बत्तीस वर्षांपूर्वी प्राध्यापकांनी ज्या भयाकडे बोट दाखविले होते, ते हेच. तात्पर्य, ज्या प्रसंगासाठी ज्याचा विचार खरा होता, त्या प्रसंगी तो खरा ठरला.

यावरून एक जुनी गोष्ट आठवते. आपले शास्त्रकार ग्रंथारंभी चार बाबी स्पष्ट करीत: विषय कोणता, प्रयोजन कोणते, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, आणि अधिकारी कोण. अधिकारी म्हणजे ज्याच्यासाठी हे शास्त्र आहे तो. ‘कोणती प्रणाली श्रेष्ठ?’ या प्रश्नात विषय तेवढा आहे; प्रयोजन नाही आणि अधिकारीही नाही. दिवसभर टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्यास विंडोज हवे, चित्रपटाचे संकलन करणारा मॅक मागेल, आणि ज्याला शेकडो यंत्रांचे जाळे अहोरात्र जागते ठेवावयाचे आहे तो लिनक्सकडे वळेल. हे तिघेही शहाणे आहेत. त्यांना एकाच आखाड्यात उतरविणारा मात्र शहाणा नव्हे.

येथेच थांबलो तर ‘ज्याला जे आवडेल ते त्याच्यासाठी उत्तम’ या सोप्या निष्कर्षावर आपण समाधान मानू. परंतु हा निष्कर्ष खासगी माणसापुरता ठीक आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण शास्त्रातील नव्हे, तर शासनातील अधिकारी आहेत. त्यांच्या एका स्वाक्षरीने शंभर कारकुनांच्या मेजावरील यंत्र बदलते, आणि दोन-तीन वर्षांनी ते स्वतः बदलून दुसऱ्या प्रांती जातात. जो दुसऱ्यांसाठी निवड करतो आणि तिचे परिणाम भोगण्यास स्वतः तेथे राहत नाही, त्याला आवडीचा आधार घेता येत नाही. येथे प्रश्न नीतीचा होतो.

अशा माणसासाठी कसोटी कोणती? आम्हांस वाटते, ती त्याच्या नोकरीतच दडलेली आहे. बदली झाली की पदभार द्यावा लागतो. दप्तर, किल्ल्या, नोंदवह्या उत्तराधिकाऱ्याच्या स्वाधीन करून त्याची सही घ्यावी लागते. ज्या व्यवस्थेचा पदभार तिच्या निर्मात्याची परवानगी न मागता दुसऱ्याच्या हाती देता येतो, ती सार्वजनिक कामास अधिक योग्य होय. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुढील आवृत्तीच्या अटींत न बसणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एका तारखेने म्हातारी ठरली. ती तारीख ठरविण्यात त्या यंत्रांच्या मालकांचा काहीच हात नव्हता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा जो पुकारा केला, त्याचे मर्म हेच होते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. प्रणाली वापरण्याची, तिची घडण वाचण्याची, ती बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मोकळीक, असा तो अर्थ आहे. केंद्र शासनानेही २०१५ साली अशा सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचे धोरण जाहीर केले.

म्हणजे मग निर्णय सोपा झाला काय? तसे नाही. जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ साली आपली कार्यालये लिनक्सवर नेण्याचे ठरविले. दहा वर्षे खपून, हजारो यंत्रे बदलून, २०१३ च्या अखेरीस काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले, आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. बाहेरून येणारे कागद नीट उघडत नाहीत, काम अडते, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. त्या खऱ्या किती आणि त्यांमागे राजकारण किती, यावर तेथे आजही एकमत नाही. २०२० साली आलेल्या नव्या आघाडीने पुन्हा मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे ठरविले. तत्त्व उच्च असले तरी ते दुसऱ्याच्या पाठीवर लादले की त्याचा भार होतो. कारकुनाचा वाया गेलेला तास हाही हिशेबात धरावयास हवा, कारण तो तास त्याच्या आयुष्यातील आहे.

उलट केरळातील शाळांचे पाहावे. तेथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा उपक्रम सुरू झाला, आणि पुढे शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणले गेले. यंत्रांबरोबर शिक्षकही तयार करण्यात आले, आणि मुलांची पाठ्यपुस्तके त्याच प्रणालीला धरून लिहिली गेली. बदल टिकला तो माणसे शिकविली म्हणून. नुसते यंत्र बदलले असते तर म्यूनिकचा अनुभव तेथेही आला नसता असे कोणी सांगावे?

मराठी माणसाला हे समजण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील बहुतांश कागद मोडीत आहेत. मोडी लिपी ही कोणाच्या मालकीची नव्हती, तिला परवाना लागत नव्हता. तरीही ती शाळांतून गेली आणि दप्तरांचे ते ढीग सामान्य सुशिक्षितालाही मुके झाले. लिपी मोकळी असली तरी वाचणारा उरला नाही तर दार बंदच. उलट दाखला संगणकावरील मराठीचा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण मराठी मजकूर ज्या फाँटांत टंकित, त्यांपैकी बहुतेकांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तोच फाँट दुसरीकडे नसेल तर पुण्याहून कलकत्त्यास पाठविलेले मराठी पत्र तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग होऊन उघडे. वाचणारा हजर होता, पण लिपीच कुलुपात होती. त्या काळी कोणती प्रणाली श्रेष्ठ यावर तावातावाने भांडणाऱ्यांचे कागद दोन्ही पक्षी सारखेच नष्ट होत होते. घर कोणते चांगले हा वाद रंगला असता पेटीतील पत्रांना वाळवी लागावी, तसा तो प्रकार होता.

म्हणून ज्याच्याकडे निवड सोपविली आहे त्याने श्रेष्ठत्वाच्या प्रश्नाऐवजी थोडे साधे प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. या यंत्रावर रोज बसणार कोण, आणि त्याला आपण विचारले आहे काय? आज लिहिलेला कागद वीस वर्षांनी, दुसऱ्या प्रणालीवर, अनोळखी माणसाला उघडेल काय? आणि उद्या हे सर्व सोडावयाचे झाले तर बाहेर पडण्याचा रस्ता कोणाच्या हाती आहे? या प्रश्नांची उत्तरे कधी लिनक्सच्या बाजूने पडतील, कधी विंडोजच्या, आणि त्यात कोणाचा पराभव मानण्याचे कारण नाही.

बृहन्महाराष्ट्रात वावरणाऱ्या आपणांस परक्या गावी, परक्या भाषेत, दुसऱ्याने लावलेले दप्तर हाती घेऊन कामास लागण्याची सवय आहे. ज्याने ते नीट लावून ठेवले, त्याचे नावही पुष्कळदा आपणांस ठाऊक नसते. तो कोणत्या टाकाने लिहीत होता हे तर मुळीच नसते. आपल्या मागून येणारा आपल्याविषयी तेवढेच म्हणू शकला, तरी निवड योग्य झाली असे समजण्यास हरकत नाही.