हेडमास्तरांचा विश्वास

थॉमस अर्नोल्ड १८२८ मध्ये इंग्लंडमधल्या रग्बी या बोर्डिंग शाळेचा हेडमास्तर झाला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. पुढे त्याचाच विद्यार्थी थॉमस ह्यूज याने १८५७ साली ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ लिहून त्याचा जवळपास देवच केला. १९१८ मध्ये लिटन स्ट्रेचीने त्याच देवाची यथेच्छ टिंगल केली. मला मात्र भक्त आणि टवाळखोर दोघांनाही बाजूला ठेवून मार खाल्लेल्या एका मुलाबद्दल बोलायचंय.

अर्नोल्ड मुलांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, अशी त्याची ख्याती होती. मुलगा म्हणाला ना, मग पुरावा कशाला? त्यामुळे त्याच्याशी खोटं बोलायची मुलांनाच लाज वाटायची. सगळ्यात वरच्या वर्गातल्या मुलांना तर त्याने धाकट्यांना शिक्षा करायचा अधिकारही दिला होता. (आपला मॉनिटर फळ्यावर फक्त नावं लिहायचा. हे फारच पुढचं प्रकरण.)

१८३०च्या दशकात एक मुलगा त्याला म्हणाला, हा भाग आमच्या वर्गाने केलेलाच नाही. शिक्षक म्हणाले, केलाय. अर्नोल्डने शिक्षकांचं खरं मानलं आणि मुलाला १८ फटके मारले. खोटं बोलल्याबद्दल! नंतर कळलं, मुलगा खरंच बोलत होता. मग अर्नोल्डने अख्ख्या शाळेसमोर माफी मागितली.

अशी माफी मागायला हिंमत लागते, मान्य. पण मी अडकते ती फटक्यांपाशी. समोर दुसरा कुणी नसतो तेव्हा मुलावर विश्वास ठेवायला काहीच पडत नाही. मुलाचा शब्द एका मोठ्या माणसाच्या शब्दाविरुद्ध उभा राहिला, की कस लागतो. तिथे अर्नोल्डला वर्गातल्या इतर चार पोरांना विचारायचंही सुचलं नाही. आणि १८ फटके कशासाठी? अभ्यास न केल्याबद्दल एवढे मारत नाहीत. ‘मी तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तू…’ हा राग त्यात आहे. घरी मोबाइलवरून झालेल्या भांडणांत हा सूर आपण सगळ्यांनी ऐकलाय.

माफीचंही तसंच. हेडमास्तर सगळ्यांदेखत माफी मागतो, सगळे त्याचा मोठेपणा बघतात. त्या मुलाने तेव्हा मान डोलावण्यापलीकडे काय करायचं होतं, हे मला अजून सुचलेलं नाही.