उतरवलेली वही आणि शील



परीक्षा जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या वस्त्यांत काय चालते ते तुम्ही जाणता. विज्ञानाची एक प्रयोगवही दहाजण उतरवून काढतात. इतिहासाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार येतो, आता मोबाईलवरूनही येतो. विचारले तर उत्तर मिळते, "सगळेच करतात." कारखान्यात पाळी करून शिकणारा म्हणतो, "वेळ कुठे आहे?"

ही अडचण खोटी नाही. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, असे आहे. हे काय फक्त पैशापुरते? मित्राने वही राजीखुशीने दिली, म्हणून चोरी टळली असे समजू. तरी ती शिक्षकांपुढे स्वतःची म्हणून ठेवणे हा मुसावादच होय.

बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान असे अनेक विषय अभ्यासले. लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

ज्या विद्येसाठी आपल्या पूर्वजांना दारात उभे केले नाही, ती हाती आल्यावर न शिकताच सही घेऊन परत करायची काय? नकलेने गुण मिळतील, प्रज्ञा मिळणार नाही.

म्हणून रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर अभ्यासवर्ग घ्या. ज्याला विषय येतो त्याने वही देऊ नये, विषय समजावून द्यावा. खरे दान तेच.

जय भीम!