भोग, संचय आणि मनगटी घड्याळ

मौल्यवान मनगटी घड्याळ विकत घ्यावे ते पुढेमागे त्याची किंमत चढेल या हिशेबाने, की हाताला बांधून त्याचा आनंद घ्यावा म्हणून, हा प्रश्न वरकरणी सराफी पेढीवरचा आहे. तो विचारणारा गृहस्थ बहुधा बाजारभावाच्या उत्तराची अपेक्षा करतो, आणि तसे उत्तर देणारे दलाल व जाणकार जिनीव्हापासून मुंबईपर्यंत पुष्कळ आहेत. परंतु ज्या वस्तूचे कार्यच मुळी आपल्या आयुष्यातील क्षण मोजून दाखविणे हे आहे, ती वस्तू मनुष्याने वापरावी की कुलपात राखावी, या प्रश्नाच्या पोटात त्याहून फार जुना प्रश्न दडलेला आहे. मनुष्याचे आपल्या द्रव्याशी आणि आपल्या काळाशी नाते कोणते असावे, हा तो प्रश्न होय, आणि तो निःसंशय धर्मविचाराचा प्रश्न आहे. त्याविषयीचे माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो: घड्याळाच्या बाबतीत मर्यादित व कृतज्ञ भोग हा संचयापेक्षा अपरिग्रहाला अधिक जवळचा आहे. भोगाला पाप आणि संचयाला शहाणपण समजण्याची जी सवय आपल्या मध्यमवर्गीय नीतिकल्पनेला जडली आहे, ती या एका वस्तूपुरती तरी तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम घड्याळ ही कोणत्या जातीची मालमत्ता आहे ते पाहू. जमीन पीक देते. पेढीवरची ठेव व्याज देते, कारण ते द्रव्य दुसऱ्याच्या उद्योगात राबत असते. भागभांडवलावर लाभांश मिळतो, कारण त्यामागे कोणाचे तरी श्रम उभे असतात. घड्याळ मात्र तिजोरीत कितीही वर्षे ठेवले तरी त्यातून एक छदाम निपजत नाही; उद्या दुसरा कोणी आजच्यापेक्षा अधिक रक्कम मोजील, या एकाच आशेवर त्याचा सारा नफा अवलंबून असतो. बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाचा उंबरठा ओलांडताच उतरते. रोलेक्स, पाटेक फिलिप, ओदमार पिगे अशा थोड्या घराण्यांच्या थोड्याच नमुन्यांना मूळ किमतीहून अधिक भाव येतो. पाटेक फिलिपचे ‘नॉटिलस’ हे जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले आणि १९७६ साली बाजारात आलेले पोलादी घड्याळ पाहा. त्याच्या ५७११ या क्रमांकाच्या आवृत्तीचे उत्पादन २०२१ साली थांबणार असे जाहीर होताच तिचा भाव मूळ किमतीच्या कित्येक पटींनी वाढला, आणि २०२२ च्या आरंभी शिखर गाठून त्याच वर्षी वेगाने उतरू लागला. त्या चढउताराच्या काळात त्या घड्याळातील एकही चाक बदलले नव्हते; बदलले होते ते केवळ लोकांच्या मनातील अपेक्षेचे मान.

घड्याळाच्या उपयुक्ततेचाही येथे विचार केला पाहिजे. १९६९ सालच्या डिसेंबर महिन्यात जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचे पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ साडेचार लाख येन किमतीला विक्रीस काढले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा गारगोटीचा सूक्ष्म तुकडा हे अगदी स्वस्त घड्याळाचेही हृदय बनले. अशा घड्याळाची चूक महिन्याकाठी काही सेकंदांची. उत्तम यांत्रिक घड्याळाची चूक दिवसाकाठी काही सेकंदांची. मुख्यतः या शोधामुळे स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यातील कामकऱ्यांची संख्या १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास होती ती पुढील दीड दशकात ३० हजारांच्या घरात आली. तेव्हापासून महागडे यांत्रिक घड्याळ वेळ कळण्यासाठी कोणालाही आवश्यक राहिलेले नाही. एखादी वस्तू गरजेतून मुक्त झाली म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा उरतात: कलावस्तू म्हणून ती मनुष्याच्या रसिकतेकडे जाते, किंवा दुर्मीळ ऐवज म्हणून बाजाराकडे. आपला प्रश्न या दोन वाटांच्या फाट्यावर उभा आहे.

पातंजल योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाची जी मीमांसा आली आहे, तिच्यात विषयांच्या ठायी पाच दोष दाखविले आहेत: मिळविण्याचा, राखण्याचा, क्षयाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घड्याळाला हे पाचही दोष एकेक करून लावून पाहावेत. मिळविण्याचा दोष असा की, ज्या नमुन्याला भाव येतो तो मागताक्षणी मिळत नाही. विक्रेत्याच्या यादीत नाव नोंदवून महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, तिष्ठावे लागते आणि मर्जी संपादन करण्यासाठी नको असलेल्या वस्तूही खरेदी कराव्या लागतात. राखण्याचा दोष तर याहून मोठा आहे. अशा घड्याळावर कारखान्यातून आलेले पातळ आवरणही मालक सोलीत नाही. त्याचा खोका, हमीपत्र आणि खरेदीची पावती हे सारे तो घड्याळाइतक्याच काळजीने जपतो, कारण यांपैकी एक जरी गहाळ झाले तरी भाव पडतो. आणि अखेरीस हे सर्व बँकेच्या लॉकरमध्ये जाऊन बसते. तेथेही क्षय त्याची पाठ सोडीत नाही, कारण यंत्रातील वंगण न वापरताही काळाने सुकते. आसक्तीविषयी काय सांगावे? ज्याचा बाजारभाव रोज पाहावा लागतो ती वस्तू डोळ्यांआड असूनही मनाआड होत नाही. राहिली हिंसा; मौल्यवान घड्याळासाठी भररस्त्यात मनगट मुरगाळणारे लुटारू युरोपातील मोठ्या शहरांतून सर्वांना ठाऊक झाले आहेत, आणि लोभाने लोभाला दिलेले ते आमंत्रण असते.

मालकीच्या स्वरूपाचा विचार केला म्हणजे ही स्थिती अधिकच चिंतनीय वाटते. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्रात पादत्राणाचे उदाहरण घेऊन असे दाखविले आहे की, प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग असतात, एक ती वापरण्याचा व दुसरा ती देऊन अन्य काही घेण्याचा; आणि यांपैकी पहिलाच त्या वस्तूच्या स्वभावाला धरून असतो. ज्याने घड्याळ केवळ विनिमयासाठी घेतले, त्याने ते घालू नये अशी अटच त्याच्या नफ्याने घातलेली असते. काचेवर एक ओरखडा उठला तरी तो त्याला तोट्याच्या बाजूला मांडावा लागतो. ज्या वस्तूचा उपयोग करण्याची आपल्याला मनाई आहे, तिचे आपण मालक आहोत असे खरेदीखत कितीही सांगो, वस्तुतः आपण तिचे पहारेकरीच असतो. आणि तेही अशा अनोळखी मनुष्याच्या वतीने, जो पुढे केव्हातरी येऊन ती घेऊन जाणार आहे.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की, अर्थ हाही पुरुषार्थ आहे. मुलाबाळांसाठी चार पैसे बाजूला टाकणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे, आणि ते टाळणे हे वैराग्य नसून बेजबाबदारी आहे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्या संतपरंपरेलाही प्रपंचाचा जमाखर्च अपरिचित नव्हता. ज्या तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली असे चरित्रकार सांगतात, ते देहूच्या महाजनाच्या घरातच जन्मले होते. परंतु कुटुंबाच्या तरतुदीसाठी जो पैसा ठेवायचा तो अडीअडचणीला त्वरित मोडता यावा, थोडाथोडा काढता यावा, आणि त्याच्या मूल्याविषयी वाद नसावा, ही किमान अपेक्षा असते. घड्याळाचे तुकडे करून विकता येत नाहीत. विकावयाचे झाल्यास दलालाचा हिस्सा प्रथम जातो. आणि ज्या दिवशी घरात रोकड हवी असते त्याच दिवशी योग्य गिऱ्हाईक मिळेल याची हमी कोणीही देत नाही. तेव्हा अर्थपुरुषार्थाचे ज्याला खरे भान आहे, त्याने ठेव, सोने किंवा जमीन यांकडे वळावे; घड्याळाला त्या पंक्तीत बसविणे हा व्यवहारही नव्हे आणि परमार्थही नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भोगाला अंत नाही; एक घड्याळ घेतले की दुसरे हवेसे वाटते, आणि भोग भोगता भोगता भोक्ताच खर्ची पडतो, असा इशारा वैराग्यशतकात भर्तृहरीने दिला आहे. हे तर अनुभवसिद्ध सत्य आहे. परंतु ज्याला तो भोग म्हणतो ती तृष्णा आहे, आणि तृष्णेचे लक्ष सदैव पुढच्या वस्तूकडे लागलेले असते. हातातल्या वस्तूचा रस तिला घेताच येत नाही. रसास्वादाची रीत याच्या उलट आहे. बंगळूरच्या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून तयार होऊ लागलेल्या एचएमटी घड्याळांपैकी ‘जनता’ हे साधे चावीचे घड्याळ घ्या. रोज ठरल्या वेळी चावी दिली की आतली कमान गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते, पण तिच्या एकदम उलगडण्याला आवर घालणारी रचना तिची शक्ती थेंबाथेंबाने सोडते. तोलचक्र पुढेमागे झुलत सेकंदाला पाच ठोके देते, आणि त्या ठोक्यांतून तास व दिवस उभे राहतात. शक्ती साठविणे सोपे, ती संयमाने खर्च करणे कठीण, हे तत्त्व इतक्या अल्प जागेत इतके स्पष्ट दिसण्याचे ठिकाण दुसरे क्वचितच असेल. ज्याने हे एकदा समजून घेतले, त्याला आपल्या एकाच घड्याळात वर्षानुवर्षे पुरेल एवढा आनंद मिळतो. मॅट्रिक झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला आपल्या महाराष्ट्रात अशी घड्याळे भेट म्हणून दिली गेली. कोणी ती विकण्यासाठी घेतली नव्हती, आणि म्हणूनच ती घरोघर प्रिय झाली.

आश्चर्य हे की, बाजाराचा स्वतःचा दाखलाही याच बाजूने आहे. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाला त्याची पत्नी जोअन वुडवर्ड हिने रोलेक्सचे ‘डेटोना’ घड्याळ दिले आणि मोटारींच्या शर्यतींचा नाद असलेल्या पतीने जपून गाडी हाकावी, एवढीच प्रेमळ सूचना त्याच्या पाठीवर कोरविली. त्या काळी या नमुन्याला फारशी मागणी नव्हती. न्यूमनने ते वर्षानुवर्षे वापरले आणि १९८४ साली, कन्येच्या मित्राजवळ घड्याळ नाही असे पाहून, ते त्याला देऊन टाकले. तेच घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. मार्च २००९ मध्ये महात्मा गांधींचा चष्मा, चपला, थाळी, वाटी आणि झेनिथचे खिशातले घड्याळ या वस्तूंसाठी, त्याच नगरात, १८ लाख डॉलरांची बोली लागली. गांधीजी वेळेच्या बाबतीत किती कडक होते हे सर्वश्रुत आहे. संपत्तीप्रमाणेच आयुष्यातील क्षणही आपल्याजवळ समाजाची अमानत म्हणून आहेत, ही त्यांची विश्वस्तवृत्ती त्या घड्याळामागे उभी होती. या दोन्ही घड्याळांना जे मूल्य आले, ते ज्यांनी त्यांची किंमत कधी मोजली नाही अशा माणसांच्या प्रेमातून, वापरातून आणि त्यागातून आले. गुंतवणूकदार वस्तूला आयुष्यापासून दूर ठेवून मूल्य निर्माण होण्याची वाट पाहतो. मूल्य तर आयुष्याच्या स्पर्शानेच निर्माण होते.

जिनीव्हाचे एक विख्यात घराणे १९९६ पासून आपल्या जाहिरातीत असे सांगत आले आहे की, त्याचे घड्याळ घेणारा ते केवळ पुढच्या पिढीसाठी सांभाळीत असतो. या भाषेत विश्वस्तवृत्तीचा भास आहे, आणि घड्याळ खरोखरच वापरून, त्याची दुरुस्ती करीत, ते मुलीच्या किंवा मुलाच्या हाती दिले जात असेल तर ती विश्वस्तवृत्ती खरीही आहे. मात्र आपल्या वारसांच्या पलीकडे जिची दृष्टी जात नाही, ती विश्वस्तवृत्ती अपुरी होय, हे मुंबईच्या इतिहासातील एक उदाहरण दाखविते. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला अफाट भाव आला असता सट्ट्याच्या बाजाराचे अध्वर्यू बनलेले प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८६५ साली बाजार कोसळला, शेअरांचे कागद कवडीमोल झाले आणि प्रेमचंदांची अपार दौलत लयाला गेली; परंतु त्यांच्या मातेच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला, आणि त्याच्या घड्याळाचे ठोके ऐकण्यासाठी कोणालाही कवडी मोजावी लागली नाही. धनाला दान, भोग आणि नाश अशा तीनच गती आहेत, हा नीतिशतकातील विचार याहून स्पष्टपणे कोठे पाहावयास मिळेल? जे दिले ते राहिले. जे भावाच्या आशेने धरून ठेवले ते गेले. तिजोरीतले घड्याळ दानही नव्हे आणि भोगही नव्हे. तेव्हा त्याच्या वाट्याला कोणती गती उरते ते उघड आहे.

म्हणून ज्याला घड्याळाची आवड आहे त्याने ते अवश्य घ्यावे. ऋण न काढता, घरच्या गरजा भागल्यावर, आपल्या ऐपतीत बसेल असे घ्यावे. ज्याच्या हरवण्याने आपली झोप उडेल इतके महाग घेऊ नये. घेतल्यावर ते रोज घालावे, त्याची रचना समजून घ्यावी, त्यावर ओरखडे उठतील ते उठू द्यावेत, आणि एखाद्या तरुणाला त्याची आपल्यापेक्षा अधिक गरज आहे असे दिसले तर ते काढून देण्याची तयारी ठेवावी. ईशावास्य उपनिषदाने त्याग आणि भोग यांना परस्परविरोधी न मानता एकाच वृत्तीत गोवले आहे; मनाने सोडलेल्या वस्तूचाच निर्मळ उपभोग घेता येतो, असा त्या शिकवणीचा आशय मला वाटतो. उद्याच्या भावासाठी आजचे घड्याळ बंद ठेवणारा मनुष्य वस्तूबरोबर स्वतःचा आजचा दिवसही गहाण टाकतो, आणि गहाण पडलेला दिवस कोणत्याही नफ्याने सोडविता येत नाही. वापरणारा आणि वेळ आली की देणारा मनुष्य मात्र द्रव्याचा धनी राहतो व काळाचा ऋणाईत राहतो. आणि मनुष्याने या दोघांशी जोडावयाचे योग्य नाते, माझ्या मते, हेच आहे.