जवानाला कोणी विचारले?

सीमेवर तणाव वाढला की परभणीतल्या चहाच्या हॉटेलातला टीव्हीसुद्धा गरजू लागतो. मे 2025 मध्ये वाहिन्यांनी बातम्यांत हवाई हल्ल्याचे भोंगे इतके वाजवले, की ते वापरू नका अशी सूचना सरकारलाच काढावी लागली. त्या दिवसांत कोणी साधा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असे : जवानांचे मनोबल खच्ची करू नका. याची मला चीड येते. घरी बसलेल्यांची करमणूक चालते आणि नाव मात्र जवानाचे घेतले जाते. त्याचे मन कशाने टिकते हे त्याला विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. रेडिओच्या इतिहासात मात्र ते एकदा विचारले गेले होते.

बीबीसी उभारणाऱ्या जॉन रीथ यांचे धोरण होते : श्रोत्याची अभिरुची घडवायची. 1940 च्या आरंभी फ्रान्समध्ये तळ ठोकून बसलेल्या ब्रिटिश सैनिकांनी या धोरणाला धक्का दिला. गजबजलेल्या बराकीत व्याख्यान कोण ऐकणार? त्यांना हलकीफुलकी गाणी आणि विनोद हवे होते. त्यांच्यासाठी ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ निघाला. त्याच वर्षी 23 जूनला कारखान्यांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झाले. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, एका लयीतले संगीत. संथ चाली वर्ज्य. ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ हे गाणे वगळावे लागले, कारण त्यातल्या टाळ्यांच्या जागी कामगार हत्यारे आपटत.

हे दोन्ही कार्यक्रम एकाच दमात सांगितले जातात आणि तिथेच घोळ होतो. कारखान्यातल्या गाण्याचे मोजमाप उत्पादनावर होई. छावणीतल्या गाण्याची कसोटी ऐकणाऱ्याची आवड ही होती. गायिका व्हेरा लिनच्या हळव्या गाण्यांनी शिपाई मऊ पडेल, अशी तक्रार अधिकाऱ्यांनी आणि खासदारांनी केली. 1942 मध्ये बीबीसीने अशा गायकीवर निर्बंधही आणले. शिपायांना मात्र तीच हवी होती. 1944 मध्ये ती बर्माच्या आघाडीवर जाऊन गायली. त्या आघाडीवर मराठा पलटणीही लढत होत्या. हळवे गाणे ऐकून फौज मोडली नाही.

श्रोत्याला काय हवे हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न पुढे स्वतंत्र भारतातही उभा राहिला.

1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना त्यांनी लगाम घातला, निर्मात्यांशी बिनसले आणि ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. डिसेंबर 1952 मध्ये तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला विविध भारती काढावी लागली. बाजार जिंकला, केसकर हरले, असे याचे तात्पर्य काढले जाते. मला ते पटत नाही. केसकरांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, संस्थानांचा आश्रय तुटलेल्या गवयांना मानाचे स्थान दिले. त्यांची चूक एकच, पण मूलभूत होती : श्रोत्याला काय हवे ते आपण ठरवू शकतो, हा विश्वास. रीथ यांचा आणि व्हेरा लिनला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्यांचा विश्वासही हाच होता.

आणि सिलोन म्हणजे तरी काय? दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोत उभारलेले केंद्र. युद्ध संपले, 1949 मध्ये ते सिलोन सरकारकडे आले. जाहिरातदार नंतर आले. त्याआधी तिथे सैनिकासाठी गाणी लावण्याची रीत पडलेली होती. साबणाच्या आणि टूथपेस्टच्या कंपन्यांनी ती रीत वापरली, निर्माण केली नाही.

विविध भारतीच्या ‘जयमाला’त ही रीत सरकारने स्वतःहून स्वीकारली, आणि माझ्या लेखी 1957 चे खरे महत्त्व हे आहे. फौजी पत्र पाठवी, निवेदक त्याचे नाव वाचून दाखवी आणि गाणे लागे. देशभक्तीची गाणी होती, पण त्याहून कितीतरी जास्त प्रेमाची, विरहाची, घरच्या ओढीची. बर्फात पहारा देणाऱ्याने विरहाचे गाणे मागितले म्हणून त्याचे मनोबल खचले, असे कोणी म्हटले नाही. शनिवारी ‘विशेष जयमाला’त चित्रपट कलावंत येत, तेही त्याच्याशी घरच्यासारखे बोलत. त्याला माणूस म्हणून विचारले जात होते.

आजच्या वाहिन्यांनी मनोबलाची कारखान्यातली व्याख्या उचलली आहे : कर्णा मोठा करा, लय वाढवा, मध्ये कोणी बोलू नका. फरक एवढाच, की तिथे निदान कामगारासाठी वाजत होते. इथे जवान ऐकतो आहे की नाही, याच्याशीही कोणाला देणेघेणे नाही.

म्हणून परभणी आकाशवाणीला विनंती आहे. 1305 किलोहर्ट्झवर आठवड्यातला अर्धा तास जिल्ह्यातून फौजेत गेलेल्या मुलांच्या फर्माईशीला द्या. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या त्यांच्या घरच्यांनाही पत्रे लिहू द्या. आणि वाचकांनो, पुढच्या वेळी मनोबलाच्या नावाने कोणी तुम्हाला गप्प करू लागला, तर त्याला आधी एवढेच विचारा, की जवानाने तसे सांगितले आहे का.