सेल कुणाच्या खात्यावर

बॅटरी घेताना दुकानदाराला माझा पहिला प्रश्न सेलचा असतो. उजेड किती लांब जातो ते नंतर. कुठले सेल लागतात, ते खेड्यातल्या टपरीवर मिळतात का, एक प्रकार नाही मिळाला तर दुसरा चालेल का, हे आधी. माझ्या उशाशी असते तिच्यात 18650 नावाचा लिथियम सेल बसतो, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. तो उतरला तर प्लास्टिकच्या पिंजऱ्यात तीन बारीक सेल भरून तो पिंजरा आत सरकवायचा. लिथियमचे 3.7 व्होल्ट, तिघांचे मिळून साडेचार; दिव्याला दोन्ही चालतात. आमच्या घरात उशाशी बॅटरी ठेवायची रीत 30 सप्टेंबर 1993 पासूनची. भूकंपाने किल्लारी हललं तेव्हा पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. त्यामुळे हा चोखंदळपणा शौकाचा नाही, गरजेचा आहे, असं मी मनाला सांगत आलोय.

मग शेतावरची बॅटरी घेताना हे प्रश्न कुठे जातात? तिथे मी फक्त किंमत विचारली. पाठीमागून दोन पिना बाहेर येतात, आत चार व्होल्टची छोटी लेड-ॲसिड, उजेड झगझगीत. सेल बदलायची सोयच नाही. ही बॅटरी उतरलेली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, मग रात्रभर प्लगला लावली तरी थोड्या वेळात मान टाकते. हे मला ठाऊक होतं. स्वतःसाठी घेताना म्हणूनच तर तो प्रकार टाळला होता.

हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे थ्री फेज असेल तेव्हा जायचं. कृषी पंपाची वीज आलटून पालटून, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीच्या पाळीला दारं धरायला सालगडी जातो, मी उदगीरला घरी झोपलेला असतो. खोरं दोन्ही हातांनी ओढावं लागतं, तेव्हा बॅटरी काखेत जाते आणि उजेड भलतीकडेच पडतो. बांधाला उंदीर असतात, उंदरांमागे घोणस; मण्यार तर रात्रीचीच फिरणारी. ‘मालक, हिचा उजेड दुसऱ्या दाऱ्यापस्तोर बी टिकंना,’ तो म्हणाला. ‘नीट चार्जिंगला लावत नसशील,’ मी म्हणालो.

त्याला हवी होती मोठ्या सेलची बॅटरी. ते सेल किराणा दुकानात मिळतात, अंधारात चाचपूनही बदलता येतात. मी त्याला चार्जिंगचे फायदे समजावले होते: सेलचा खर्च वाचतो, कचराही होत नाही. कचऱ्याचं तर बोलायलाच नको. संपलेले सेल आमच्याच उकिरड्यावर जातात, ते शेणखतातून परत रानात पसरतात, आणि 2022 चे बॅटरी कचऱ्याचे नियम मी फक्त पेपरात वाचलेत. राहिला खर्च. तो कुणाचा वाचत होता हे पाहायला वही काढली, तर याआधीच्या सेलच्या रकमा त्याच्या उचलीत मांडलेल्या. अक्षर माझंच.

आणखी एक वाक्य माझ्या तोंडी 2017 पासून आहे: सौर कृषी वाहिनी आली की दिवसा वीज मिळेल, रात्रीचं जाणंच संपेल. वाक्य खोटं नाही. योजना खरी आहे, 2023 मध्ये तिचा दुसरा टप्पाही आला. पण सरकारचं काम अर्धं राहिलं की माझं करायलाच नको, असा सोयीचा अर्थ मी त्यातून काढतो. रात्री पाणी द्यायला मला स्वतःला जावं लागलं असतं तर मी सौर वाहिनीची वाट पाहत हीच बॅटरी काखेत धरली असती का? नसती. दुसऱ्याच दिवशी बाजार गाठला असता.

आमच्याकडे साल पाडव्याला ठरतं. पैसे, ज्वारी, कपडे, चप्पल, सगळं बोललं जातं. बॅटरी आणि सेल त्यात कधी आलेच नाहीत. ते शेताचं सामान की माणसाचं, हे कुणी विचारलं नाही, आणि न विचारण्यात फायदा माझा होता. येत्या पाडव्याला ते मालकाकडून असं बोलायचं ठरवलंय. पण ठरवता ठरवताच, तेवढी रक्कम सालातून कुठे कमी करता येईल याचा आकडाही मी मनात मांडून बसलोय.