भिक्षेची मूठ

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपण कोल्हापूरकर भाग्यवान. परंपरा असं सांगते, की दत्तप्रभूंचं स्नान काशीत, भिक्षा करवीरात आणि निद्रा माहूरगडावर. म्हणजे रोज माध्यान्हीला देव झोळी घेऊन आपल्या गावात येतो. दत्त भिक्षालिंगाचं दर्शन घेताना आपण हात जोडतो, पण एक प्रश्न मनात येत नाही. ज्याला त्रैलोक्यात काही कमी नाही, तो मागतो कशाला?

याचं उत्तर गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात आहे. श्रीनृसिंहसरस्वती महाराज कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर होते, तेव्हाची कथा. अमरापुरातला एक गरीब ब्राह्मण. रोज कोरान्न मागून पोट भरायचा. ज्या दिवशी मिळायचं नाही, त्या दिवशी दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर घर भागायचं. महाराज नेमके त्याच्या दारी भिक्षेला गेले. घरात दाणा नव्हता. माउलीनं घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढल्या. महाराजांनी आनंदानं भिक्षा घेतली आणि जाताना तो वेल उपटून टाकला! घरात आकांत झाला. पण ब्राह्मणानं वेलाचं मूळ काढायला जमीन खणली, तर द्रव्यानं भरलेला कुंभ निघाला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

आता बघा हं. महाराजांना द्यायचंच होतं, तर सरळ देता आलं नसतं का? पण ते आधी जेवले. उभा जन्म मागत आलेल्या माणसाला त्यांनी आधी दाता केलं, मग दिलं. आणि देऊन झाल्यावर सांगितलं, की ही गोष्ट कुणापुढे उघड करू नका. अन्नदानाचं सगळं शास्त्र या दोन गोष्टींत आलं. घेणाऱ्याचा मान राखायचा, आणि दिलेलं मिरवायचं नाही.

हे मला पोथीतून कळलं होतं, पण पटलं ते एका म्हाताऱ्या आजीमुळं. माझ्या पाहण्यातलं एक तरुण मंडळ आहे. पोरं उत्साही. दत्तजयंतीला नुसता प्रसाद वाटण्यापेक्षा गरजू घरांना महिन्याचा शिधा द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. रेशनवर तांदूळ-गहू मिळतो, पण तेल, तूरडाळ, चटणी-मीठ कुठनं आणायचं? म्हणून त्यांनी नेमकं तेच पिशवीत भरलं. विचार चांगला होता. पण प्रत्येक पिशवीवर मंडळाचं नाव छापलं आणि प्रत्येक दारात फोटो काढला.

चौथ्या की पाचव्या घरात एक आजी होत्या. एकट्याच. पोरांनी पिशवी पुढं केली, एकानं मोबाईल वर धरला. आजींनी पदर तोंडावर ओढला आणि म्हणाल्या, "न्हाई रं बाळांनो, मला नको. गल्लीत आजवर ताठ मानेनं राहिलेय. फोटूत मागत्यासारखी दिसायची न्हाई मला."

पोरं गप्प झाली. संध्याकाळी माझ्याकडं आली. तोंडं उतरलेली. "काका, आम्ही वाईट काय केलं?" मी म्हणालो, वाईट काही नाही, पण तुम्ही पिशवी दिलीत आणि मान काढून घेतलात. मग घेवड्याची कथा सांगितली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. मोबाईल खिशात, पिशवी बिननावाची. म्हणाली, "आजी, आम्ही घरोघर मुष्टी गोळा करतोय. तुमच्याकडची एक मूठ द्या." आजी आत गेल्या. डब्यातले तांदूळ मूठभर आणून झोळीत घातले, जरा थांबून अजून एक मूठ घातली. आणि मगच शिध्याची पिशवी घेतली, हसत.

ही मुष्टी काही नवी नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या गोरगरिबांच्या लेकरांना जेवायला घालायचं कसं? बायाबापड्यांनी रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला ठेवली, तो मुष्टिफंड. त्यात देणाऱ्या कितीतरी बाया स्वतः गरीब होत्या. त्या मुठींवर पोरं शिकली.

आणि आपण कायम देणारेच राहू, असं कुणी समजू नये. २०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली. वाडीत महाराजांच्या पादुकांवर पाणी, शिरोळ तालुक्यातली गावं पाण्यात, महामार्ग बंद. तेव्हा तालमीतली पोरं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, घराघरांतनं भाकरी-चटणी गोळा झाली. बंगल्यात राहणाऱ्यानंही ती भाकरी हात पुढं करून घेतली. त्या आठवड्यात दाता कोण आणि याचक कोण? आज वाढणारा हात उद्या पुढं पसरावा लागतो. म्हणून वाढताना नम्र राहावं.

तरुणांनो, तुमच्याकडं अंगमेहनत आहे, गाडी आहे, चार ओळखी आहेत. या दत्तजयंतीला तीन नेम धरा. घरात रोज एक मूठ वेगळी काढा. शिधा देताना नाव नको, फोटो नको. आणि ज्या दारी द्याल, त्या दारी काहीतरी मागा. मूठभर दाणे, नाहीतर तांब्याभर पाणी, नाहीतर आशीर्वाद. आणि पुढच्या महिन्यात परत जा. भूक एका दिवसाची नसते.

त्या आजी आता दर गुरुवारी मंडळाच्या शिध्याची डाळ निवडायला येतात. खडे त्यांच्या नजरेतनं सुटत नाहीत. पोरांना रागावतातसुद्धा!

माध्यान्हीला दारात कोण उभं राहील, सांगता येत नाही. झोळी त्याची असेल, नाहीतर आपली. दोन्हीकडं तोच आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥