शो मागायचा हक्क

आमच्या घरात पत्ते होते, पण ते मे महिन्याच्या सुट्टीतले. झब्बू, मेंढीकोट, पाच-तीन-दोन. पैसे लावायचं कुणी नाव काढलं की आजी सात व्यसनांची नावं ओळीनं म्हणायची. त्यात जुगार पहिला. मद्य, मांस, चोरी सगळं त्याच्या मागून. "पहिला का गं?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दार तो उघडतो. बाकीचे नुसते आत येतात."

त्यामुळे बासष्टाव्या वर्षी मी स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर चिंचोके लावून पोकर शिकले, हे बस्तीत अजून कुणाला ठाऊक नाही.

माझा भाचा पणजीला नोकरीला आहे. भाऊ गेल्यापासून वहिनी निपाणीला एकटीच असते. शनिवारी तो चोर्ला घाटातून आधी माझ्याकडे बेळगावला येतो, रात्र काढतो आणि सकाळी आईकडे जातो. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी ताटावरून अर्ध्यातच उठला आणि म्हणाला, "आत्या, साडेचार लाख गेले. त्यातले तीन बँकेचे आहेत. आईला सांगू नकोस." आधी तो फोनवर खेळायचा. 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. पण मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी होत्या तिथंच होत्या, आणि ऑफिस सुटल्यावर त्या समोरच दिसतात.

मी "नाही सांगत" म्हटलं. मग म्हटलं, "मला शिकव तो खेळ." हिशेबात इतका हुशार मुलगा हरतो कसा, ते मला बघायचं होतं.

त्याचा खेळ ओमाहा. प्रत्येकाला चार पानं मिळतात आणि मधे पाच पानं उघडी पडतात. हातातली नेमकी दोन आणि मधली नेमकी तीन अशी पाच पानं धरून हात लावायचा. चारांतून दोन पानं सहा तऱ्हांनी निवडता येतात, म्हणून ओमाहात समोरच्याकडे काहीतरी बरं असण्याचा संभव मोठा. नवख्यानं इथं हूल देऊ नये, असं म्हणतात ते यासाठीच. पण रात्री दोन-तीननंतर टेबलावरची माणसं उठत जातात आणि शेवटी दोघंच उरतात. त्याला हेड्स-अप म्हणतात. दोघांत खेळताना प्रत्येक डावाला काहीतरी आधीच टाकावं लागतं. चांगल्या पानांची वाट बघत बसलं तर त्यातच माणूस झिजतो. पटवायचंही एकालाच असतं. म्हणून तिथं हूल द्यावीच लागते, आणि जोरात द्यावी लागते.

"पण कधी द्यायची, हे कसं ठरवतोस?" मी विचारलं. तिथून पुढं त्यानं मला जे शिकवलं, ते मी वहीत लिहून ठेवलं आहे.

मधे शंभर चिंचोके असतील तर जास्तीत जास्त शंभरच लावता येतात. शंभर लावले आणि समोरच्यानं पानं टाकली तर शंभर मिळाले. नाही टाकली तर शंभर गेले. म्हणजे दोनदा हूल दिली आणि एकदा चालली, तर बरोबरी. पन्नासच लावले, तर तीनदा देऊन एकदा चालली तरी बरोबरी. आता समोरच्याचा हिशेब बघा. माझे शंभर बघायला त्याला शंभर टाकावे लागतात आणि बरोबर ठरला तर दोनशे मिळतात. त्याला तीनांत एकदा बरोबर ठरलं तरी पुरतं. म्हणून मी पुरे शंभर लावते त्या दर तीन वेळांत दोनदा खरी पानं आणि एकदा खोटी असावीत. याहून जास्त खोटं बोलले तर तो प्रत्येक वेळी बघेल. अजिबात बोलले नाही, तर माझी चांगली पानं निघाली की तो शहाण्यासारखा उठून जाईल.

दुसरं म्हणजे हूल कुठल्या पानांवर द्यायची. मला वाटायचं, जरा बरी पानं असतील तर धाडस करावं. तो म्हणाला, उलटं. बऱ्या पानांना उघडं पडल्यावर जिंकायची आशा असते, ती गमवायची कशाला? ज्याला उघडं पडल्यावर काहीच मिळणार नाही, त्या पानांनी हूल द्यायची. 1944 मध्ये जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा खेळांच्या गणितावरचा ग्रंथ निघाला. त्यात दोन खेळाडूंचा एक सोपा पोकर मांडलाय आणि निष्कर्ष हाच आहे.

पण नुसती वाईट पानंही पुरत नाहीत. एका डावात मधे इस्पिकचा राजा, नव्वी आणि चौकी, चौकट सत्ती आणि किलवर दुर्री पडली होती. ज्याच्या हातात दोन इस्पिक त्याचा फ्लश, आणि त्यात एक्का असेल तर त्याच्यावर कुणीच नाही. माझ्याकडे इस्पिकचा एक्का होता, दुसरं इस्पिक एकही नव्हतं. म्हणजे माझा हात शून्य. पण एक गोष्ट मला पक्की माहीत होती. सगळ्यांत मोठा हात त्याच्याकडे असूच शकत नाही, कारण त्याचा एक्का माझ्याकडे आहे. मी सगळे चिंचोके पुढं सरकवले. भाच्याकडे राणीचा फ्लश होता. त्यानं दोन मिनिटं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पानं टाकली.

खरं सांगते, मला फार आनंद झाला. रात्री झोप आली नाही, ती त्या आनंदामुळेच. इतक्या वर्षांचं सामायिक, स्वाध्याय, आणि पोराला फसवून मला गुदगुल्या होतात?

सकाळी चहा घेताना त्याला म्हटलं, "काल मी खोटं बोलले रे." तो हसला. "आत्या, तू एक शब्द तरी बोललीस का?"

नव्हते बोलले. भाद्रपदात आमच्या दशलक्षण पर्वात आर्जवाचा दिवस वेगळा असतो आणि सत्याचा वेगळा. लहानपणी मला हे दोन्ही एकच वाटायचं. त्या सकाळी फरक कळला. सत्य जिभेचं आहे. आर्जव म्हणजे मन, वाणी आणि हातपाय एका रेषेत असणं. एकही खोटा शब्द न बोलता माणूस पुरता वाकडा असू शकतो. त्याला आपल्याकडे माया म्हणतात, आणि ती क्रोध, मान, लोभ यांच्या पंगतीतली. माझा चिंचोक्यांचा ढीग म्हणजे मायाच होती.

मग कबड्डीत हूल देणारी पोरगीही मायावी का? हे मला पटेना. तेव्हा वडिलांचं दुकान आठवलं.

खडेबाजारात आमचं कापडाचं दुकान होतं. वडील गिऱ्हाइकाला सर्रास म्हणायचे, "घरात एवढ्यालाच पडलंय बघा." गिऱ्हाइकही म्हणायचं, "शेजारी दोन रुपयांनी कमी आहे." दोघांनाही ठाऊक असायचं की हे असंच असतं. पण एखादी बाई खेड्यातनं यायची, पदर आवळून बसायची आणि म्हणायची, "मला काय कळतंय अण्णा, तुम्हीच बरोबर सांगा." तिथं वडील खरा दर सांगायचे आणि त्यावर रुपया-दोन रुपये धरायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "भाव करणाऱ्याशी भाव. विश्वास टाकणाऱ्याशी हिशेब."

ते किती धार्मिक होते ते सोडा, पण फरक त्यांनी बरोबर धरला होता. पोकरमध्ये समोरच्याला आपण खेळतोय हे माहीत असतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या हातात कॉल असतो. आपल्या तीन पत्तीत शो मागतात, तसाच. किंमत टाकून तो म्हणू शकतो, दाखव. हा हक्क त्याच्याकडे आहे तोवर मी त्याला फसवतेय असं मला वाटत नाही. मी त्याला एक प्रश्न घालतेय, आणि उत्तर काढायची वाट त्याला मोकळी आहे. समोरच्याला शो मागायचा असतो हेच जिथं ठाऊक नसतं, खोटं तिथं सुरू होतं.

याचा अर्थ जुगार चांगला, असं नव्हे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात जुगाराचा निषेध करताना मायेचं नाव घेतलंय, ते मला मान्य आहे. पण भाच्याला बुडवलं ते लोभानं, आणि लोभाहूनही गेलेलं परत आणायच्या हट्टानं. चिंचोक्यांवर तो तीनांत एकदाच हूल द्यायचा. बोटीवर, हरलेल्या रात्री, तीनांत तीनदा. समोरचा पानं टाकणारा नाही हे दिसत असूनही. "तेव्हा हिशेब आठवतो का?" मी विचारलं. "आठवतो," तो म्हणाला. "पण तेव्हा मी समोरच्याला फसवत नसतो गं. स्वतःलाच पटवत असतो."

इतकं सगळं समजून घेऊनसुद्धा मी एक गोष्ट बघायचं टाळत होते. वहिनीचा दर बुधवारी फोन येतो. "पोरगा बरा आहे ना गं? आवाज उतरलाय त्याचा." आणि मी म्हणायचे, "मजेत आहे." दोन महिने म्हणत होते. तो तर आईशी शब्दही खोटा बोलला नव्हता. "कामात आहे" एवढंच म्हणायचा आणि काम होतंच. जिभेनं खोटं बोलणारी मीच निघाले. वहिनी कुठल्या टेबलावर बसली नव्हती. तिला शो मागता येत नव्हता. खेड्यातल्या त्या बाईसारखी ती मला म्हणत होती, तुम्हीच बरोबर सांगा.

पुढच्या शनिवारी मी चिंचोक्यांची बरणी काढली नाही. त्याला म्हटलं, "तुला दिलेला शब्द मी परत घेते. आजच सांगते, मागून नाही. उद्या निपाणीला गेलास की तू सांग. बुधवारी तिनं विचारलं तर मी खरं बोलणार."

"आत्या, तू वचन मोडतेस."

"मोडतेय," मी म्हटलं. "तेही तुझ्या तोंडावर."

तो रात्रभर बोलला नाही. सकाळी चहा न घेता निघाला.

वहिनीचा फोन बुधवारी नाही, रविवारी संध्याकाळीच आला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

तिनं फोन ठेवला. नंतरचे तीन बुधवार फोन आला नाही. कर्जाचा हप्ता आता ती आणि तो मिळून भरतात. बोटीवर जात नाही म्हणतो. मी त्याला शो मागत नाही, आणि विश्वास टाकायला अजून भीतीही वाटते.

वहिनी पुन्हा बोलायला लागलीय. मी "मजेत आहे" म्हटलं की पूर्वी ती लगेच पावसाचं, भाजीचं काढायची. आता आधी थोडी थांबते. त्या थांबण्यात ती मला तोलत असते. तिचा हक्क आहे तो. मीही फोन धरून गप्प उभी राहते.